न छापलेला कायदा

जयपूरचे महाराज १९२२ मध्ये निवर्तले, तेव्हा गादीचा वारस अज्ञान होता. संस्थानचा कारभार मंत्रिमंडळाकडे गेला, आणि ११ डिसेंबर १९२३ रोजी त्या मंडळाने ठराव करून अफूविषयक कायदा संमत केला. तो राजपत्रात आला नाही, अन्य मार्गानेही जाहीर झाला नाही, दप्तरात राहिला. १९३८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती अशी की हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून अमलात यावा! पुढे १९४८ मध्ये याच कायद्याखाली हरला नावाच्या इसमाला ५० रुपये दंड झाला.

रक्कम क्षुल्लक होती, प्रश्न मात्र नव्हता. कायदा कळण्याची सोयच ज्याने ठेवली नाही, त्याने ‘कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? २४ सप्टेंबर १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे. नागपूरच्या उच्च न्यायालयात त्यांची कारकीर्द घडली होती. ज्याची वार्ता लोकांना लागणे शक्यच नव्हते अशा कायद्याने दंड करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा.

परंतु कायदा जाहीर झाला असे केव्हा म्हणावे? रिझर्व्ह बँकेची सोन्याच्या वाहतुकीसंबंधीची एक अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ च्या राजपत्रात आली. चारच दिवसांनी झुरिकहून मनिलाला निघालेला एक परदेशी प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह पकडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषी धरले. राजपत्रात छापले, एवढे पुरेसे ठरले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत वेगळे पडले.

हे दोन निकाल शेजारी ठेवले, की ग्रंथालयाचे स्थान ध्यानात येते. राजपत्र निघते, ते वाचकाच्या हाती कोठे पडावे? न्यायालयांची ग्रंथालये मुख्यतः न्यायाधीश व वकील यांच्यासाठी. सार्वजनिक ग्रंथालयात अधिनियमाची जुनी आवृत्ती सापडली, तरी तीत पुढच्या दुरुस्त्या नसतात. अशी प्रत मुळीच प्रत नसण्याहून अधिक फसवी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने न्यायनिर्णय छापण्यास, न्यायालयाने मनाई केलेली नसल्यास, मोकळीक दिली. विधिमंडळाचा अधिनियम मात्र भाष्यासह किंवा अन्य स्वतंत्र मजकुरासह छापावा, अशी अट घातली. लोकांच्या प्रतिनिधींनी केलेल्या शब्दांना निव्वळ शब्द म्हणून छापण्याची मुभा नसावी, हे विचित्रच.

२०१५ पासून केंद्र सरकारचे राजपत्र संगणकीय रूपात निघू लागले. २०२३ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने आपले निकालसंग्रह संगणकावर विनामूल्य खुले केले. निकालांची भाषांतरे २०१९ पासून होत आहेत, आणि मराठीही त्यांत आली. त्या भाषांतरांवर एक सूचना असते: मजकूर पक्षकाराला समजावा एवढ्यापुरताच आहे, अधिकृत पाठ इंग्रजी.