दोन टाक्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेलो तेव्हा महाल भरभर पाहिले आणि पाण्यापाशीच रेंगाळलो. सूरजकुंड, जोहरकुंड, राणीताल, चेरीताल. एका किल्ल्यावर इतकं पाणी कशाला? १२३२ साली अल्तमशने हा किल्ला घेतला तो कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर. वेढ्यात एक तळं आटलं तर दुसरं हवंच!

आम्ही गोंयकार पाणबुड्यांच्या टाक्या पाहतो, त्यांचा हिशेबही हाच. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने मागाल तशी हवा देणारा रेग्युलेटर केला आणि माणूस पाण्याखाली मोकळा झाला. पण खोली श्वास महाग करते. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला वीस लिटर घेणाऱ्याला ती वर दोन तास पुरेल. ४० मीटरवर दाब पाचपट, म्हणून फक्त २४ मिनिटं.

गुहेत शिरलेल्याला तर सरळ वरही येता येत नाही. म्हणून दोन टाक्या, दोन रेग्युलेटर आणि मध्ये झडप: एकीकडे गळती लागली तर दुसरी वाचते. लांब नळी जोडीदारासाठी. हवेचा एक भाग जायला, एक यायला, तिसरा राखीव. गुहांतल्या अपघातांचा अभ्यास करून शेक एक्सली या अमेरिकन पाणबुड्याने १९७९ साली असे नियम पुस्तकात मांडले. १९९४ साली मेक्सिकोत खोल पाण्यात तोही गेला.

सामान निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो. हे बंद पडलं तर काय, हा असतो. ग्वाल्हेरच्या किल्लेदारांनीही तोच विचारला असणार.