वाटेवरचें घोटी

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई व नाशिक यांमधील अंतर मोजिलें, तर तें सुमारें दीडशें किलोमीटर भरतें. विमानास एवढी मजल अर्ध्या तासाची. परंतु ज्यास पायांनीं किंवा चाकांनीं जावयाचें, त्यास ही सरळ रेषा निरुपयोगी. कारण तिच्या आड सह्याद्रि उभा आहे. या दोन नगरांमधील अंतर शतकानुशतकें मैलांनीं नव्हे, तर थळ घाटानें ठरविलें. त्या घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीच्या पुढें, घोटी आहे.

रेल्वेपूर्वीं देशावरील कापूस व धान्य खालीं आणि कोंकणांतील मीठ वर जाई, तें बैलांच्या पाठीवरून अथवा गाड्यांतून. घाट चढून आलेल्या जनावरास विसांवा देणें भागच असे. अशा वाटेवर घटका मोजण्यांत अर्थ नव्हता. मुक्काम मोजावे लागत.

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी २१ मैल गेली. खरी परीक्षा पुढें होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य एंजिनीयर जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखालीं घाटाची आंखणी झाली. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारें सवा नऊ मैलांत ९७२ फूट चढावयाचें होतें. ३७ फुटांस १ फूट इतकी तीव्र चढण ठेवावी लागली. शिवाय मध्यें गाडी थांबवून, एंजिन दुसऱ्या टोंकास जोडून, ती उलट दिशेनें वर न्यावी लागे. इकडे १८६१ सालीं सुरू झालेल्या अमेरिकेंतील यादवीमुळें इंग्लंडच्या गिरण्यांस आपल्या कापसाची निकड लागली होती. १ जानेवारी १८६५ रोजीं हा मार्ग खुला झाला. तो पाहावयास बर्कले उरले नव्हते. ते १८६२ सालींच वारले. त्यांचें नांव तरी राहिलें. खडक फोडतांना आणि रोगराईनें जे मजूर गेले, त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत?

घाटाचीं जादा एंजिनें जोडण्या-सोडण्याचें काम इगतपुरीस पडलें आणि गाडी थांबण्याचा मान तिकडे गेला. घोटी मात्र आपल्या भाताच्या बाजारावर आणि सिन्नरकडे फुटणाऱ्या रस्त्यावर उभें राहिलें.

दीडशें वर्षांनंतर इतिहासानें एक गंमत केली. नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २६ मे २०२३ रोजीं घोटीजवळच्या भरवीरपर्यंत खुला झाला, आणि पुढें कांहीं महिने तेथेंच संपत होता. वाऱ्याच्या वेगानें आलेलीं वाहनें सह्याद्रीच्या माथ्यावर पुन्हां जुन्याच वाटेस लागत. मार्च २०२४ मध्यें तो इगतपुरीपर्यंत गेला व ५ जून २०२५ रोजीं पुरा झाला. पावणेआठ किलोमीटरांच्या जोड बोगद्यांतून आतां घाट कांहीं मिनिटांत सरतो.

या मिनिटांचें मोल मात्र विसरतां कामा नये. १ ऑगस्ट २०२३ रोजीं, घाटाखालीं शहापूर तालुक्यांत, याच मार्गाच्या पुलाचें काम चालूं असतां तुळया बसविणारें यंत्र कोसळलें आणि २० जण प्राणांस मुकले.

अंतर कमी झालें असें आपण म्हणतों. वस्तुतः डोंगर तेथेंच आहे, मैलही तेवढेच आहेत. आपला वेळ वांचतो, तो दुसऱ्या कोणीं आपलें आयुष्य तेथें खर्ची घातलें म्हणून. बोगद्यांतून जाणाऱ्यास घाट दिसत नाहीं. पण बाहेर पडून घोटीचीं भातखाचरें दिसूं लागलीं, म्हणजे या ऋणाची आठवण झाल्यास प्रवास लांबणार नाहीं.