प्रस्तावना : जेलीफिशच्या अभ्यासाकडे

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहू, आक्सा, गिरगाव या चौपाट्यांवर थोड्याच दिवसांत दीडशेच्या आसपास माणसांना ‘ब्लू बॉटल’ने डसल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यातल्या जीवरक्षकांनी दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांवर प्रथमोपचार केले. त्यात स्थानिक थोडे, पाहुणे बरेच असणार. पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसलेले कुटुंब सकाळी दादरला उतरते आणि दुपारी पोरे गुडघाभर पाण्यात असतात. हे पुस्तक त्या पोरांसाठी, त्यांच्या आईबापांसाठी आणि आपल्या तालुक्यातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

कडब्याची पेंढी उचलण्याआधी काठीने हलवावी, पहाटे चप्पल झटकून पायात घालावी, हे खानदेशात कुणाला शिकवावे लागत नाही. समुद्राबाबत मात्र आपली पाटी कोरी आहे. वाळूवर पडलेली निळी, फुगीर, चमकदार वस्तू दिसली की मूल ती उचलणारच. ती ब्लू बॉटल म्हणजे फायसेलिया. ती जेलीफिशची नातेवाईक असली तरी खरी जेलीफिश नव्हे. तो एक प्राणीही नव्हे. वेगवेगळी कामे वाटून घेतलेल्या अनेक जिवांची ती वसाहत आहे. वर वायूने भरलेली पिशवी, तिच्यावर शिडासारखा कंगोरा आणि खाली पाण्यात कित्येक मीटर लोंबणारे शुंडक. तिला स्वतः पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे ती जाते. नैर्ऋत्येचा मोसमी वारा आपल्या किनाऱ्याकडे वाहतो, म्हणून पावसाळ्यात ती वाळूवर येऊन पडते.

तिचे शुंडक भिंगाखाली धरून पाहावे. त्यावर मण्यांसारख्या गाठी दिसतात आणि प्रत्येक गाठीत असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळी केलेला पोकळ धागा आणि विष. स्पर्श झाला की कुपीतला प्रचंड दाब सुटतो आणि धागा उलटा होत बाहेर झेपावतो. गोड्या पाण्यातल्या हायड्रावर केलेल्या मोजणीत ही झेप सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळाची निघाली. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. त्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही, मेंदू नाहीच. म्हणून वाळूत मरून पडलेली ब्लू बॉटलसुद्धा डसते. तुटून अंगाला चिकटलेल्या शुंडकात न फुटलेल्या कुप्या शिल्लक असतात आणि उपचाराची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

डसल्यावर पहिली धाव चोळण्याकडे असते. कुणी लिंबू चोळतो, कुणी वाळू, कुणी लघवीचा सल्ला देतो. चोळल्याने उरलेल्या कुप्या फुटतात. गोड्या पाण्यानेही फुटू शकतात, म्हणून बाटलीतले पिण्याचे पाणी ओतू नये. पाण्यातून बाहेर यावे, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून उचलावेत. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअस, तो भाग वीस मिनिटे ठेवावा. ब्लू बॉटलच्या दंशावर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बर्फापेक्षा गरम पाणी सरस ठरले. व्हिनेगरबाबत ब्लू बॉटलपुरते तज्ज्ञांत एकमत नाही. घातक बॉक्स जेलीफिशसाठी मात्र ते आवर्जून सांगितले जाते. दम लागला, छातीत दुखले, ओठ सुजले किंवा भोवळ आली तर घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ ला फोन करावा.

कोण डसले हे कळल्याशिवाय इलाज ठरत नाही, हे या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. जॅक बार्न्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने हे किती गांभीर्याने घेतले पाहा. केर्न्सच्या किनाऱ्यावर माणसांना कण्हायला लावणारा दंश कुणाचा, हे ठरवण्यासाठी त्याने १९६१ मध्ये नखाएवढी जेलीफिश पकडून स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला डसवली. तिघांनाही रुग्णालय गाठावे लागले. मुलाला त्यात ओढणे मला पटत नाही, पण प्रश्न खरा होता आणि उत्तरही मिळाले. त्या जातीला पुढे त्याचेच नाव मिळाले. आपल्याकडे विंचवाबाबत असेच चिवट काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड परिसरात केले. रुग्णाच्या उशाशी बसून घेतलेल्या नोंदींतून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला. जेलीफिशच्या दंशाला आपल्या किनाऱ्यावर अशा नोंदींची गरज आहे.

या जिवांनी विज्ञानाला दिलेलेही कमी नाही. फायसेलियाच्या विषाचा शोध घेताना रिशे आणि पोर्टिए हे शास्त्रज्ञ तीव्र अ‍ॅलर्जीच्या अभ्यासाकडे वळले; रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. एका चमकणाऱ्या जेलीफिशमधून शिमोमुरांनी वेगळे केलेले हिरवे प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी दाखवते. त्या कामाला २००८ चे नोबेल मिळाले.

समुद्र लांब आहे म्हणून कुणी मागे राहू नये. गोड्या पाण्यातही जेलीफिश असते आणि ती महाराष्ट्रातच सापडली आहे. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सातारा जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या नद्यांत ती दिसली, तेव्हा ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. तोवर तिची भावंडे आफ्रिकेपुरतीच माहीत होती. प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांनी १९११ च्या सुमारास तिला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. ती बोटाच्या पेराएवढी असून माणसाला इजा करत नाही. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरतात तेव्हा ती दिसण्याची शक्यता जास्त. गिरणेच्या डोहांत किंवा धरणाच्या संथ पाण्यात एप्रिल-मेमध्ये पारदर्शक, रुपयाएवढी छत्री उघडझाप करताना दिसली, तर फोटो काढा, तारीख, जागा आणि पाण्याची खोली लिहून ठेवा. त्या नोंदी कशा ठेवायच्या याचा तक्ता शेवटच्या प्रकरणात दिला आहे.