हस्तनिर्मित सायकलींची मागणी व प्रतीक्षाकाळ

हस्तनिर्मित सायकलींची मागणी व प्रतीक्षाकाळ हा लहान कारागिरांकडून सायकलची फ्रेम (सांगाडा) किंवा सुटे भाग बनवून घेण्याच्या व्यवहारातील एक महत्त्वाचा विषय आहे. अशा व्यवहारात वस्तू आधी तयार नसते. ग्राहक मोजमापे आणि गरजा सांगतो, काही रक्कम आगाऊ देतो आणि त्यानंतर काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत वाट पाहतो. या काळात ग्राहकाजवळ हमी म्हणून कारागिराच्या शब्दाखेरीज फारसे काही नसते. कारागिराचे कामही ग्राहकाने दिलेल्या माहितीवर आणि आगाऊ रकमेवर अवलंबून असते. त्यामुळे प्रतीक्षाकाळ किती आहे यापेक्षा त्या काळात दोन्ही बाजूंमध्ये संवाद कसा राहतो, यावर व्यवहाराचे यश बहुतांशी ठरते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील अनेक शहरांत ग्राहकाच्या मापाने सायकली बांधणाऱ्या लहान कार्यशाळा होत्या. पॅरिसजवळील लव्हालवा-पेरे या उपनगरातील अ‍ॅलेक्स सिंगर आणि रेने एर्स यांच्या कार्यशाळा लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये विशेष प्रसिद्ध झाल्या. एर्स यांच्या कार्यशाळेत फ्रेमबरोबर क्रँक, ब्रेक आणि हँडलचा दांडा असे सुटे भागही तयार होत. ब्रिटनमध्ये रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली ‘५३१’ या मिश्रधातूच्या पोलादी नळ्या बाजारात आणल्या. इटलीत कोलंबस कंपनीच्या नळ्या प्रचलित होत्या. हलक्या आणि मजबूत नळ्या सहज मिळू लागल्याने एकट्या कारागिरालाही मोठ्या कारखान्याच्या तोडीची फ्रेम बांधणे शक्य झाले.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड सॅक्स, पीटर वायगल आणि बेन सेरोटा हे अमेरिकन तरुण लंडनमधील विटकॉम्ब या कार्यशाळेत हे काम शिकले. मायदेशी परतल्यावर त्यांनी केलेल्या कामातून अमेरिकेत या व्यवसायाची नवी पिढी उभी राहिली. १९८१ साली ओरेगन राज्यातील अ‍ॅशलँड येथे युनायटेड बायसिकल इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. २००५ साली ह्यूस्टन येथे हस्तनिर्मित सायकलींचे पहिले उत्तर अमेरिकी प्रदर्शन भरले, तर २०११ साली ब्रिस्टल येथे ‘बीस्पोक्ड’ हे ब्रिटिश प्रदर्शन सुरू झाले. प्रदर्शनांमुळे या कारागिरांची कीर्ती जगभर पसरली, मात्र त्यांची उत्पादनक्षमता त्या प्रमाणात वाढू शकली नाही. मागणी आणि क्षमता यांतील या तफावतीमुळे काही नामांकित कारागिरांच्या प्रतीक्षायाद्या अनेक वर्षांच्या झाल्या आणि काहींनी नवीन मागण्या स्वीकारणेच थांबवले.

निर्मितीची प्रक्रिया

मागणीची सुरुवात मोजमापांपासून होते. पायाची आतील लांबी, धड, हात आणि खांद्यांची रुंदी ही मापे, तसेच सध्याच्या सायकलवरील सीटची उंची आणि सीट ते हँडल हे अंतर नोंदवले जाते. सायकल कशासाठी हवी आहे, तिच्यावर किती ओझे वाहायचे आहे, टायर किती रुंद बसवायचे आहेत आणि चिखलपट्ट्या लागतील का, या प्रश्नांची उत्तरे मापांइतकीच आवश्यक असतात. त्यावरून कारागीर आराखडा काढतो आणि ग्राहकाची संमती घेतो.

त्यानंतर नळ्या निवडून कापल्या जातात. त्यांची टोके एकमेकींवर अचूक बसतील अशी घासली जातात. पोलादी नळ्या चांदी किंवा पितळेच्या मिश्रधातूने झाळून अथवा वितळजोड (वेल्डिंग) करून जोडतात. जोडणीच्या उष्णतेने नळ्या किंचित वाकतात, म्हणून फ्रेमची सरळता पुन्हा तपासावी लागते. आटे पाडणे, पृष्ठभाग समतल करणे आणि रंगकाम हे शेवटचे टप्पे होत. रंगकाम अनेकदा बाहेरच्या कार्यशाळेत होते.

नळ्या कापण्याचा टप्पा या प्रक्रियेतील सीमारेषा ठरतो. त्याआधी आराखड्यात बदल करणे म्हणजे केवळ रेघा बदलणे असते. त्यानंतर केलेल्या बदलामुळे साहित्य वाया जाते आणि काम नव्याने सुरू करावे लागते. त्यामुळे बहुतेक कारागीर या टप्प्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घेतात.

प्रतीक्षाकाळ वाढण्याची कारणे

रांगेचे गणित हे पहिले कारण आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार स्थिर अवस्थेतील रांगेची सरासरी लांबी ही येणाऱ्या कामांचा वेग आणि प्रत्येक कामाचा सरासरी प्रतीक्षाकाळ यांच्या गुणाकाराइतकी असते. उदाहरणार्थ, वर्षाला ४० फ्रेम बांधणाऱ्या कारागिराच्या यादीत १२० ग्राहक असतील, तर नव्या ग्राहकाला सुमारे तीन वर्षे थांबावे लागेल. या कारागिराने वर्षाला ५० मागण्या स्वीकारल्या, तर प्रतीक्षाकाळ दरवर्षी तीन महिन्यांनी वाढत जातो. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर ती सहज पेलण्यासारखी वाटते, म्हणून ही वाढ कारागिराच्याही उशिरा लक्षात येते.

दुसरे कारण बाह्य पुरवठादारांचे आहे. एखाद्या विशिष्ट जाडीची नळी, चाकाच्या आसासाठीचे खाचेदार तुकडे किंवा रंगकाम यांपैकी एक गोष्ट अडली तरी संपूर्ण फ्रेम अडते. २०२० आणि २०२१ मध्ये कोव्हिड-१९ महासाथीच्या काळात जगभर सायकलींची मागणी वाढली आणि गिअर, साखळ्या, ब्रेक यांचा तुटवडा निर्माण झाला. त्या वेळी अनेक कारागिरांकडे पूर्ण झालेल्या फ्रेम केवळ सुट्या भागांअभावी पडून राहिल्या.

तिसरे कारण मनुष्यबळाचे आहे. एकट्याने चालणाऱ्या कार्यशाळेत फ्रेम बांधणारा, पत्रव्यवहार पाहणारा, हिशेब ठेवणारा आणि पार्सल बांधणारा एकच माणूस असतो. त्याचे आजारपण किंवा घरातील अडचण म्हणजे संपूर्ण उत्पादन बंद. पत्रांना उत्तरे देण्यात गेलेला वेळही फ्रेम बांधण्याच्या वेळेतूनच वजा होतो.

सुट्या भागांची निर्मिती

हब, क्रँक, हेडसेट, ब्रेक, हँडल यांसारखे भाग बनवणाऱ्या लहान उत्पादकांचे कामाचे स्वरूप काहीसे वेगळे असते. अमेरिकेतील फिल वूड (१९७१), क्रिस किंग (१९७६) आणि पॉल कॉम्पोनंट (१९८९) ही नावे या क्षेत्रात सुपरिचित आहेत. असे भाग एकेक न बनवता गटाने बनवले जातात. संगणकनियंत्रित यंत्रावर एका भागासाठी हत्यारे आणि पकड बसवण्यास बराच वेळ लागतो, त्यामुळे यंत्र एकदा लावले की त्या भागाचे अनेक नग काढणे परवडते. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर रंगीत अ‍ॅनोडायझिंग करायचे असल्यास एका रंगाचे पुरेसे नग जमेपर्यंत थांबावे लागते. काळा किंवा चंदेरी हब लवकर मिळतो आणि जांभळ्या हबला महिने लागतात, यामागे बहुधा हेच कारण असते.

या मागण्यांमध्ये माहितीची अचूकता निर्णायक असते. हबला आऱ्यांसाठी २८ छिद्रे आहेत की ३२, मागील आसाची रुंदी १३०, १३५, १४२ की १४८ मिलिमीटर आहे, ब्रेक डिस्कचा आहे की रिमचा, यांपैकी एक उत्तर चुकले तरी भाग निर्दोष असूनही निरुपयोगी ठरतो.

आगाऊ रक्कम

आगाऊ रकमेच्या सर्वसाधारणपणे तीन पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत यादीतील जागा राखण्यासाठी लहान रक्कम घेतली जाते आणि उरलेली रक्कम काम सुरू होताना व पूर्ण झाल्यावर दिली जाते. दुसऱ्या पद्धतीत निम्मी रक्कम सुरुवातीला द्यावी लागते. तिसऱ्या पद्धतीत संपूर्ण किंमत आधीच घेतली जाते. ग्राहकाच्या दृष्टीने पहिली पद्धत सर्वांत कमी जोखमीची असते.

आगाऊ रकमेत या व्यवसायाचा मोठा धोका दडलेला असतो. नव्या ग्राहकाकडून आलेली रक्कम जुन्या मागणीच्या साहित्यासाठी किंवा कार्यशाळेच्या भाड्यासाठी वापरली गेली, तर यादीतील प्रत्येक ग्राहक आपल्या पुढच्या ग्राहकाचे काम पूर्ण करण्यासाठी पैसे पुरवत असतो. नव्या मागण्या येत राहतात तोपर्यंत हा गाडा चालतो. त्या कमी झाल्या की उरलेल्या कामांसाठी पैसा शिल्लक राहत नाही. अशी परिस्थिती फसवणुकीच्या हेतूनेच निर्माण होते असे नाही. कुशल हात आणि कच्चा हिशेब एकाच माणसाकडे असला तरी ती उद्भवते. परिणाम मात्र ग्राहकासाठी सारखाच असतो. आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे आणि काम हाती घेतल्यावरच ती वापरणे हा त्यावरील सर्वमान्य उपाय आहे.

संवाद

प्रतीक्षाकाळातील तक्रारींमध्ये उशिरापेक्षा मौनाची तक्रार अधिक तीव्र असते. तीन महिने उशीर होईल असे कळलेला ग्राहक आपले बेत बदलू शकतो, तर काहीच न कळलेला ग्राहक पैसे बुडाले असे गृहीत धरतो. दुसरीकडे, काम मागे पडलेल्या कारागिराला उत्तर देण्याचा संकोच वाटतो. उत्तर लांबले की ग्राहकाची पत्रे वाढतात आणि पत्रे वाढली की संकोचही वाढतो. हे चक्र वेळीच न तुटल्यास चांगल्या कारागिराचाही लौकिक नष्ट होतो.

हे टाळण्यासाठी काही कारागीर यादीतील क्रमांक सर्वांना दिसेल असा ठेवतात, काही ठरावीक मुदतीने सर्व ग्राहकांना एकच पत्र पाठवतात, तर काही केवळ महत्त्वाच्या टप्प्यांवर छायाचित्रासह कळवतात. नेमकी तारीख देण्याऐवजी कालावधी सांगण्याची आणि तो बदलल्यास आपणहून कळवण्याची पद्धत अधिक टिकाऊ ठरते.

ग्राहकाच्या बाजूनेही काही जबाबदाऱ्या असतात. सर्व प्रश्न एका पत्रात एकत्र विचारणे, मागितलेली मापे वेळेवर देणे, पत्ता बदलल्यास कळवणे आणि आराखडा मंजूर झाल्यावर नवे बदल न सुचवणे यांमुळे काम सुरळीत होते. सायकल एखाद्या विशिष्ट दिवसासाठी हवी असल्यास ते मागणी देतानाच लेखी सांगणे आवश्यक असते. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना निश्चित अर्थ नसतो. संयम म्हणजे मुदतीविषयी काहीच न विचारणे असाही अर्थ होत नाही. ठरलेली मुदत उलटल्यावर शांतपणे लेखी चौकशी करणे, उत्तरासाठी वाजवी अवधी देणे आणि तरीही उत्तर न आल्यास रक्कम परत मागणे, हा क्रम दोन्ही बाजूंना न्याय देणारा आहे.

कायदेशीर चौकट

युरोपीय संघाच्या २०११च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दूरस्थ खरेदीत ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते, परंतु ग्राहकाच्या मापाने बनवलेल्या वस्तूंना हा हक्क लागू नाही. वस्तू सदोष असल्यास मात्र इतर हक्क कायम राहतात. ब्रिटनमध्येही अशीच तरतूद आहे.

अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार टपाल, दूरध्वनी किंवा इंटरनेटद्वारे मागणी घेणाऱ्या विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसल्यास ३० दिवसांत, वस्तू पाठवणे अपेक्षित असते. उशीर होणार असल्यास ग्राहकाला कळवून मागणी रद्द करण्याची संधी द्यावी लागते.

भारतात भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ४६ नुसार करारात मुदत नमूद नसल्यास काम वाजवी काळात पूर्ण करावे लागते. कलम ५५ नुसार वेळ हा कराराचा गाभा असल्यास उशीर झालेला करार रद्द करण्याचा पर्याय दुसऱ्या पक्षाला मिळतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. या सर्व ठिकाणी लेखी नोंदींना महत्त्व असते. त्यामुळे दूरध्वनीवर ठरलेल्या गोष्टींची पत्राने खातरजमा करणे उपयुक्त ठरते.

पर्यायी व्यवस्था

लांबलेल्या याद्यांवर उपाय म्हणून काही कारागीर वर्षातून ठरावीक दिवशीच मागण्या स्वीकारतात. काही जण ठरावीक मापांच्या फ्रेम गटाने बांधून तयार झाल्यावर विकतात. यात ग्राहकाची निवड मर्यादित होते, मात्र आगाऊ रकमेची जोखीम उरत नाही. किंमत वाढवून मागणी कमी करणे हाही एक मार्ग आहे. अनेक कारागीर सुरुवातीच्या काळात श्रमांच्या मानाने फार कमी किंमत लावतात आणि नंतर त्याच किमतीला बांधील राहून वर्षानुवर्षे जुन्या मागण्या पुऱ्या करतात.

भारतीय ग्राहक

भारतात मापानुसार फ्रेम बांधणाऱ्यांची संख्या अल्प आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात बांबूच्या सायकली हाताने बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुणे, मुंबई व इतर शहरांत लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड नियमित होतात आणि १२०० किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या चार वर्षांतून एकदा होणाऱ्या उपक्रमात भारतीय सायकलस्वार भाग घेतात. अशा तारखेला बांधलेल्या उपक्रमासाठी परदेशी कारागिराकडे मागणी देताना प्रतीक्षाकाळात जहाज किंवा विमानवाहतूक, सीमाशुल्क आणि नव्या सायकलवरील सरावाचा काळही मिळवावा लागतो. वस्तू परत पाठवणे खर्चिक असल्याने भारतीय ग्राहकासाठी मापे आणि आराखडा यांची आधीच केलेली पडताळणी अधिकच मोलाची ठरते.

हे सुद्धा पहा

सायकल
ग्राहक संरक्षण
हस्तव्यवसाय
लिटलचा नियम
पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस