टाकलेल्या ढिगातले जस्त



दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळले की पाण्याचे थेंब त्वचेवर न पसरता घरंगळतात. पाण्याला नकोशा झालेल्या अशा पृष्ठभागाला हवेचा बुडबुडा मात्र चटकन चिकटतो. एवढ्याशा घरगुती गोष्टीवर विसाव्या शतकातला एक प्रचंड उद्योग उभा राहिला.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये ब्रोकन हिल हे खाणींचे गाव आहे. १८८३ साली चार्ल्स रॅस्प या कुरणावरच्या नोकराने तेथल्या टेकडीवर हक्क नोंदवला. वरचे खनिज भट्टीत घालून चांदी आणि शिसे मिळे. खोल गेल्यावर गंधकयुक्त खनिज लागले आणि अडचण उभी राहिली. शिशाचे खनिज पाण्याच्या साडेसातपट जड, म्हणून ते पाण्याच्या धारेत वेगळे होई. जस्ताचे मात्र चौपटच, आणि त्याच्या सोबतचा तामडीसारखा दगडही जवळजवळ तितकाच जड! वजनावरून निवड होईना. तेव्हा जस्ताचा चुरा टाकून देण्यात आला आणि गावाभोवती लक्षावधी टनांचे ढीग साचले.

तेलाला धातूचे खनिज आवडते, हे आधीच कळलेले होते. कॅरी एव्हरसन या अमेरिकन बाईंनी १८८६ सालीच तेल आणि आम्ल वापरण्याच्या रीतीचे पेटंट घेतले होते. परंतु उद्योग जागा होईपर्यंत त्याची मुदत संपून गेली. ब्रोकन हिलसाठी पॉटर आणि डेलप्रा यांनी १९०२ च्या सुमारास ऊन आम्लात चुरा टाकून वायूच्या बुडबुड्यांवर जस्त तरंगवले. पुढे १९०५ साली सुलमन, पिकार्ड आणि बॅलट यांनी दाखवले की, शंभर मण चुऱ्याला एक मणाहूनही कमी तेल पुरते. मात्र हवा जोराने घुसळली पाहिजे. ताक घुसळताना लोणी वर यावे तसे खनिज फेसावर येते आणि पाण्याने भिजलेला दगड तळाशी बसतो. या तेलाच्या प्रमाणावरून झालेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९१६ साली त्याचा निकाल लागला.

तरी शिसे आणि जस्त एकत्रच वर येत. १९१२ साली लिस्टर या गिरणीतल्या फोरमनने आधी शिसे तरंगवून जस्त मागे ठेवण्याची रीत काढली. मागे राहिलेले जस्त चिमूटभर मोरचुदाने तरंगते, हे ब्रॅडफर्डने त्याच सुमारास दाखवले. लिस्टरचे नाव मी मुद्दाम घेतो. यंत्राशी रोज झगडणाऱ्याच्या हातातही शास्त्र असते.

टाकाऊ ढिगांचे सोने झाले. पण ज्या हातांनी ते खनिज खणले त्यांच्या वाट्याला काय आले? धुळीने पोखरलेली फुप्फुसे आणि शिशाची विषबाधा. शिसे दगडापासून फेसाने वेगळे झाले; मजुराच्या रक्तातून ते कोणता फेस वेगळे करणार? मे १९१९ मध्ये खाणकामगारांनी काम थांबवले. उपासमार सोसून सुमारे अठरा महिने ते उभे राहिले आणि १९२० च्या अखेरीस भूमिगत कामासाठी आठवड्याला ३५ तासांची मर्यादा त्यांनी मिळवली.

मंडळी, निरुपयोगी म्हणून टाकलेल्या चुऱ्याची किंमत कळायला वीस वर्षे लागली. माणसाची किंमत तर संप केल्यावरच कळली. या इतिहासातून मी एवढेच घेतले आहे की, शोध लागला म्हणजे संपत्ती वाढते. तिची वाटणी मात्र आपोआप होत नाही.