आधी सतरंजी, मग पडदा

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की पुण्या-मुंबईत मोठे पडदे कुठे लागणार, मुलाबाळांना घेऊन कुठे बसता येईल, याच्या याद्या निघू लागतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावी हाच प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेले असते : इथे तशी जागाच नाही. या उत्तराला माझी हरकत आहे. बायका, मुले, म्हातारी माणसे यांनी एकत्र बसून रात्री उशिरापर्यंत काही पाहायचे आणि निर्धास्त घरी परतायचे, ही रीत हिंगोलीत दूरचित्रवाणीच्याच काय, सिनेमाच्याही आधीपासून आहे. मैदान आहे, मांडव घालणारे हात आहेत, कोणी कुठे बसायचे याची जाणही आहे. घरची सगळी माणसे एखाद्या ठिकाणी येतील की नाही, हे समोर काय चालले आहे यापेक्षा बैठक कशी घातली आहे यावर जास्त ठरते. या जिल्ह्याचा गेल्या दीड शतकाचा इतिहास नीट पाहिला तर याचीच साक्ष मिळते.

सुरुवात छावणीपासून करावी लागते. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे हिंगोली हे महत्त्वाचे ठाणे होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. पण पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे गावाच्या तोंडी राहिली. छावणीमुळे वेगवेगळ्या प्रांतांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे इथे आली. उत्तर हिंदुस्थानी धाटणीची रामलीला मराठवाड्यातल्या एका गावात इतकी खोल रुजली, याचे एक कारण या मिश्र वस्तीत शोधता येते. खाकीबाबा मठाशी जोडलेला हिंगोलीचा सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना मानला जातो, आणि तो ज्या जागेवर भरतो तिचे नावच रामलीला मैदान पडले आहे. दसऱ्याच्या दिवसांत तिथे प्रदर्शन भरते, आकाशपाळणे लागतात, रामलीला होते आणि शेवटी रावणदहन. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या भागांतून माणसे येतात, आणि ती एकटीदुकटी नव्हे, घरच्या घरी मिळून येतात. सासूसोबत सून येते, आजोबांच्या खांद्यावर नातू असतो. मोठा देखावा सहकुटुंब पाहण्याची जागा म्हणजे काय, हे हिंगोलीला कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही.

हे फक्त शहरापुरते नाही. नामदेवांचे नरसी या जिल्ह्यात आहे. गावोगावचा हरिनाम सप्ताह ही इथली सर्वांत नियमित सार्वजनिक बैठक. एखाद्या गावातला सप्ताहाचा मांडव जवळून पाहावा. देवळासमोरची जागा आधी झाडून, पाणी मारून घेतात. मग सतरंज्या अंथरतात. कीर्तनकाराच्या समोर मधोमध वाट मोकळी ठेवतात. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, पुढे लहान मुले, आणि पाठ टेकायला हवी अशी म्हातारी माणसे खांबाजवळ. चपला मांडवाबाहेर. पिण्याच्या पाण्याची टाकी कडेला, जेवणाच्या पंगतीची जागा वेगळी. विजेची माळ मांडवापुरती न ठेवता वाटेवरही लावतात, कारण बायकांना घरी परतताना अंधार नको. या गोष्टी कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, पण त्यांतली एक चुकली तरी दुसऱ्या दिवशी बायकांची बाजू विरळ होते, हे मांडव घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आता याच मुलखातली दुसरी बैठक पाहू. जत्रेतला कुस्त्यांचा फड भर दुपारी भरतो. माणसे उभी राहून, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत पाहतात. बसायला जागा नाही, सावली नाही, आत शिरले की बाहेर पडायला वाट नाही. तिथे परंपरेने पुरुषच दिसत आले. आणि त्याच जत्रेत रात्री कीर्तन किंवा भजन असेल तर त्याच घरातल्या बायका-मुली पहिल्या रांगेत असतात. गाव तेच, घर तेच, दिवसही तोच. यावर कुणी म्हणेल की बायकांना कुस्तीत रसच नसतो. पण अलीकडे मुलींच्या कुस्त्या मॅटवर आणि खुर्च्यांच्या रांगांसमोर होऊ लागल्या, तशा प्रेक्षकांत आया-बहिणी दिसू लागल्या. रस हा बऱ्याच अंशी सोयीच्या पाठोपाठ येतो. ज्या जागी आपल्याला धरलेलेच नाही, तिथल्या गोष्टीची गोडी माणसाला लागावी तरी कशी?

तंबूतल्या सिनेमानेही हेच दाखवले. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीज बायकांच्या बैठकीची वेगळी बाजू राखत, आणि म्हणूनच सिनेमा हे चैनीचे, संशयाचे साधन मानले जाण्याच्या काळातही खेड्यातल्या बायका तो पाहू शकल्या. पुढे १९८४ च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली आणि दूरदर्शन जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोचले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागे, तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या घरी गल्ली जमत असे. संच घराचा, पण बैठक गल्लीची. सकाळची वेळ, ओळखीचे घर, दार उघडे, जमिनीवर अंथरूण. कीर्तनाच्या मांडवातले सगळे नियम या खोलीत तसेच्या तसे आले होते. रामायणाला गर्दी श्रद्धेमुळे झाली हे खरे, पण ती गर्दी दुसऱ्याच्या घरात इतकी सहज सामावली, ती या जुन्या सवयीमुळे.

फुटबॉल या बैठकीत का आला नाही? पहिला आक्षेप असा, की तो आपला खेळच नव्हे. इतिहास पाहता हे मान्य करता येत नाही. भारतात हा खेळ लष्कराबरोबर पसरला : १८८८ साली सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स जिंकणारा संघ होता हैदराबाद सिटी पोलीस, आणि त्याचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकावर आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकावर नेणारे प्रशिक्षक हेच. हैदराबादचे पोलीस मुंबईत चषक उचलत होते त्या पाच वर्षांत हिंगोली ज्या परभणी जिल्ह्यात होती तो जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे भारतीय फुटबॉलचा सर्वांत वैभवाचा काळ ज्या राज्याने घडवला, त्या राज्याचा हिंगोली हा भाग होता. हा वारसा आपण सांगितला नाही, एवढेच. कोल्हापूरने आपला सांगितला. तिथे तालमींनी फुटबॉलचे संघ बांधले, शाहू स्टेडियमवर पेठांची माणसे पिढ्यान् पिढ्या बसत आली, आणि परका म्हणवला जाणारा खेळ पेठेच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

खरी अडचण खेळाच्या परकेपणात नव्हती, घड्याळात होती. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाचे सामने दूरदर्शनने थेट दाखवले, पण आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र असे. दुसऱ्याच्या घरचे दार मध्यरात्री वाजवता येत नाही. बायका-मुलांना तर नाहीच. विश्वचषक हा जागरण करणाऱ्या तरुण मुलांचा खेळ ठरला, आणि पुढे सार्वजनिक पडदे आले तेही त्यांच्याच सोयीने : चौकात, पानटपरीजवळ, हॉटेलच्या बाहेर, उभे राहून. कुस्तीच्या फडाची बैठक फुटबॉलच्या वाट्याला आली. पण प्रत्येक स्पर्धा रात्रीची नसते. २००२ मध्ये कोरिया-जपानचे सामने आपल्याकडे दुपारी दिसत. २०२२ च्या कतारमधल्या स्पर्धेचे साखळी सामने दुपारी साडेतीनपासून सुरू होत, आणि १८ डिसेंबरचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना रात्री साडेआठला लागला. जादा वेळ आणि पेनल्टी धरून तो साडेअकराच्या आसपास संपला. साडेआठ ते साडेअकरा ही तर सप्ताहातल्या कीर्तनाचीच वेळ. दिवसही डिसेंबरचे, पावसाची भीती नसलेले. आजवर खेळल्या गेलेल्या सर्वांत रंगतदार अंतिम सामन्यांपैकी एक, आणि गावोगावच्या मांडवांना शोभेल अशी वेळ. तो सामना घराघरांत सुटा सुटा पाहिला गेला असेल तर एक चांगली संधी हुकली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रामलीला आणि कीर्तन यांच्या पाठीशी देव आहे. म्हणून बायका येतात, म्हणून दंगा होत नाही. सामन्याला ते पावित्र्य कुठून आणणार? यात तथ्य आहे. पण दसऱ्याच्या मैदानावर लोक केवळ रामासाठी थांबत नाहीत. आकाशपाळणा, भांड्यांची दुकाने, मुलांची खेळणी यांसाठीही थांबतात, आणि तिथेही कुटुंबांना सुरक्षित वाटते. याचा अर्थ पावित्र्याने जे साधते त्याचा मोठा वाटा शिस्तीचा आहे : दारू चालणार नाही हे आधीच ठरलेले असणे, जबाबदार माणसे ओळखीची असणे, वाट उजळलेली असणे. हे सामन्यालाही देता येते. याच जोडीने कुणी विचारेल, की बायकांची वेगळी बाजू पुन्हा आणायची का? नाही. त्या रचनेतले विभाजन सोडून द्यावे आणि हमी ठेवावी. बाईला आपली जागा भांडून मिळवावी लागू नये, ही ती हमी. नवरा-बायको, बहीण-भाऊ शेजारी बसोत. पण पुढच्या रांगा घरच्या माणसांसाठी राखलेल्या असाव्यात, आणि जवळ स्वच्छ, उजेडातले स्वच्छतागृह असावे. त्याशिवाय कोणत्याही मैदानाला कुटुंबाचे ठिकाण म्हणू नये.

तिसरा आक्षेप : आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग मैदान कशाला? मोबाइलवर सामना दिसतो, पण तो समजावून सांगणारा माणूस शेजारी नसतो. ऑफसाइड म्हणजे काय हे नातीने आजीला सांगायचे, किंवा आजीने विचारायचे की एवढे पळून गोल का होत नाही, हे एका खोलीत किंवा एका सतरंजीवर बसल्याशिवाय घडत नाही. शिवाय घरात मोबाइल कुणाच्या हातात जास्त वेळ असतो, हे आपल्याला माहीत आहे. तो बहुधा आईच्या हातात नसतो.

अडचणी आहेत, त्या मान्य करून पुढे जावे लागेल. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या देशांतल्या २०२६ च्या स्पर्धेचे दिवस ११ जून ते १९ जुलै, म्हणजे नेमके खरिपाच्या पेरण्यांचे. आपल्या घड्याळाप्रमाणे बहुतेक सामने रात्री उशिरा किंवा पहाटे-सकाळी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक सहसा लावता येत नाही, आणि तो नियम रास्तच आहे. प्रक्षेपणाचे हक्क ज्यांच्याकडे असतात त्यांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून अशा स्पर्धेत मैदानाचा हट्ट न धरता शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय अशी बंदिस्त जागा धरावी, मध्यरात्रीच्या सामन्यांचा मोह सोडावा, आणि सकाळी संपणारे सामने मुलांसह पाहावेत. सगळे १०४ सामने दाखवायचे नाहीत. गावाला एकत्र बसवतील असे चार पुरेत. सप्ताहसुद्धा वर्षभर चालत नाही.

आणि पाहणारी नवी पिढी तयार झालेली आहे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य शासनाच्या उपक्रमात महाराष्ट्रभरच्या शाळांमधली मुले-मुली फुटबॉल घेऊन मैदानात उतरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला आणि त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत रंगला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. २०१७ साली शाळेच्या पटांगणात चेंडूला पहिली लाथ मारणारी मुलगी आता तरुण झाली आहे. तिला सामना पाहायचा असेल तर तिने पानटपरीच्या गर्दीमागे उभे राहायचे, की पुढच्या रांगेत बसायचे? हिंगोलीने या प्रश्नाचे उत्तर रामलीलेच्या मैदानावर आणि सप्ताहाच्या मांडवात फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पडदा भाड्याने मिळतो. जागा झाडून, पाणी मारून, सतरंजी अंथरून ठेवणारी माणसे मात्र गावातच असावी लागतात, आणि ती इथे आहेत.