पुंता आरेनास : वाळूच्या टोकावरचे बंदर

दक्षिण अमेरिकेच्या शेवटच्या टोकाजवळ, चिली देशात, मॅगेलनच्या सामुद्रधुनीकाठी पुंता आरेनास हे शहर वसले आहे. नावाचा अर्थ वाळूचे टोक. या शहरावर रोखलेल्या कॅमेऱ्याचे थेट चित्र आता हजारो कोस दूर बसूनही पाहता येते. करडे पाणी, रंगीत पत्र्यांची छपरे, एखादे जहाज. पाहणाऱ्याला वाटावे, येथे कधी काही घडलेच नसेल!

१५२० साली मॅगेलन याच वाटेने पॅसिफिक महासागरात उतरला. चिलीने मात्र हे ठाणे १८४८ साली वसवले, तेही सैनिक आणि कैदी यांच्यासाठी. पुढे आगबोटी या मार्गाने जाऊ लागल्या, त्यांना कोळसा हवा होता, आणि बंदराचे दैव फळफळले. देशोदेशींचे लोक आले. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील सिंधी व्यापारीही तेथे पोहोचले. १९१४ साली पनामाचा कालवा खुला झाला आणि जहाजांची ती रीघ ओसरली.

परंतु शहरातील प्रासाद उभे राहिले ते मुख्यतः लोकरीवर. १८७७ साली फॉकलंड बेटांवरून मेंढ्या आणल्या गेल्या. मेंढ्यांना कुरणे हवीत. आणि कुरणे होती समोरच्या तिएरा देल फुएगो बेटावर, जेथे सेल्क्नाम लोक ग्वानाको या उंटाच्या कुळातील जनावराची शिकार करून राहत. कुंपणे पडली, शिकार सरली, भुकेले लोक मेंढ्या मारू लागले. तेव्हा कुरणमालकांच्या चाकरांनी माणसांचीच शिकार मांडली. त्यासाठी बक्षिसे दिली जात. वाचलेल्यांपैकी अनेकांना डॉसन बेटावरील मिशनमध्ये नेण्यात आले. तेथे रोगराईने त्यांचा घास घेतला. अदमासे चार हजारांचा हा समाज अर्ध्या शतकात काही शेकड्यांवर आला.

शहराच्या चौकात १९२० साली मॅगेलनचा पुतळा उभारला गेला. देणगी होसे मेनेंदेस या मेंढ्यांवर गबर झालेल्या धनिकाची. वर मॅगेलन, आणि खाली, त्याच्या पायथ्याशी, एक मूलनिवासी. त्याच्या पायाला हात लावला की प्रवासी पुन्हा या शहरी येतो, अशी समजूत आहे. असंख्य स्पर्शांनी तो पाय चकचकीत झाला आहे. ज्यांना हुसकावले त्यांच्याच पायाशी परतीचा नवस!

एकदा दप्तरात ‘नामशेष’ असा शेरा पडला की तो पुसणे किती दुर्घट, हे दप्तरांतच उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला निराळे सांगायला नको. मूलनिवासी समाजांना मान्यता देणारा कायदा चिलीने १९९३ साली केला. त्यात सेल्क्नामांचे नाव नव्हते. त्यांचे वंशज ‘आम्ही आहोत’ असे सांगत राहिले, आणि २०२३ साली ते नाव कायद्यात घालण्यात आले.